चार भाषांचा संगीतकार : हँडेलची इटालियन संगीतिका आणि इंग्रजी ऑरेटोरिओ

जॉर्ज फ्रीडरिक हँडेल ह्याच्या विनोदी गोष्टींचा पुरेपूर आस्वाद घ्यावयाचा तर श्रोत्यास इंग्रजी, फ्रेंच, इटालियन व जर्मन ह्या चार भाषा अवगत असणे अवश्य होते. कारण गोष्ट सांगताना तो ह्या चारही भाषांचा उपयोग करी, असे चार्ल्स बर्नी ह्या इंग्रज संगीतेतिहासकाराने नमूद करून ठेवले आहे. बर्नीने तारुण्यात हँडेलच्या वाद्यवृंदात वादन केले होते. तेव्हा १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ह्या वृत्तांतास प्रत्यक्षदर्शी माणसाच्या साक्षीचे मोल आहे. चरित्रकारांनी हे वाक्य बहुधा एक गमतीदार आठवण म्हणूनच उद्धृत केले. वस्तुतः हँडेलच्या सबंध जीवनकार्याचा एक महत्त्वाचा प्रश्न त्यात दडलेला आहे.

हँडेलचे चरित्र पुष्कळ काळपर्यंत एका ठरीव साच्यात सांगितले जात असे. जर्मनीत जन्मलेल्या ह्या संगीतकाराने लंडनच्या लोकांना न समजणाऱ्या इटालियन भाषेतील संगीतिका त्यांच्या गळी उतरविण्याचा तीस वर्षे प्रयत्न केला. १७२८ साली जॉन गे ह्याच्या 'बेगर्स ऑपेरा' ह्या इंग्रजी नाट्यकृतीने त्या परकीय कलेचा फुगा फोडला. मग हताश आणि व्याधिग्रस्त झालेला हँडेल इंग्रजी भाषेकडे व धर्मविषयांकडे वळला आणि 'मेसाया'च्या रूपाने त्याचा जणू पुनर्जन्म झाला, असा तो साचा होय. ही कथा ऐकावयास गोड आहे आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रज श्रोत्यांच्या धर्मभावनेस व राष्ट्राभिमानास ती मानवणारीही होती. परंतु सनावळीच्या कसोटीवर ती टिकत नाही आणि भाषेच्या कसोटीवर तर त्याहूनही टिकत नाही.

हँडेलचा जन्म २३ फेब्रुवारी १६८५ रोजी हाले येथे झाला. योहान सेबास्टियन बाख आणि दोमेनिको स्कार्लाती हे बरोक संगीतातील दोन अन्य थोर पुरुष त्याच वर्षी जन्मले, हा योगायोग सुपरिचित आहे. हँडेलचा पिता न्हावी-शस्त्रवैद्य होता. पुत्रजन्माच्या वेळी त्याने साठी ओलांडली होती आणि मुलाने कायद्याचा अभ्यास करावा अशी त्याची इच्छा होती. वाइसेनफेल्सच्या ड्यूकने लहानग्याचे ऑर्गनवादन ऐकून रदबदली केली, तेव्हा कोठे त्याला संगीताचे रीतसर शिक्षण मिळू लागले. फ्रीडरिक व्हिल्हेल्म त्साखाव हा त्याचा गुरू. पिता १६९७ साली निवर्तला. तरीही मुलाने १७०२ मध्ये हालेच्या विद्यापीठात नाव नोंदविले. हे विद्यापीठ १६९४ साली स्थापन झालेले, म्हणजे अगदी नवे होते, आणि क्रिस्टियान टोमासियुस तेथे अध्यापन करीत होता. ह्याच टोमासियुसने १६८७ साली लाइपझिगच्या विद्यापीठात लॅटिनचा त्याग करून जर्मन भाषेत व्याख्याने देण्याचे जाहीर केले होते आणि त्याबद्दल विद्वज्जनांचा रोष ओढवून घेतला होता. विद्येची भाषा लॅटिन, शिष्टाचाराची फ्रेंच, गाण्याची इटालियन आणि देवळातली व घरातली तेवढी जर्मन, अशी भाषांची वाटणी ज्या समाजात होती त्या समाजात हँडेल वाढला, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे त्याच्या पुढील आयुष्यातील भाषांतरे फारशी विस्मयकारक वाटत नाहीत.

१७०३ मध्ये तो हाम्बुर्ग येथे गेला. जर्मन भाषिक प्रदेशातील पहिले सार्वजनिक संगीतिकागृह १६७८ पासून तेथे चालू होते. हँडेलची पहिली संगीतिका 'आल्मिरा' ८ जानेवारी १७०५ रोजी तेथेच रंगभूमीवर आली. (त्यापूर्वी जेमतेम पाच आठवडे, योहान माटेझोन ह्या मित्राशी झालेल्या द्वंद्वात हँडेल मरता मरता वाचला होता, माटेझोनची तलवार त्याच्या अंगरख्याच्या गुंडीवर आपटून मोडली.) 'आल्मिरा'ची संहिता जर्मन आहे, परंतु तिच्यातील सुमारे पंधरा आरिया, म्हणजे एकट्याने गावयाची पदे, इटालियन भाषेत आहेत. ही भेसळ आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. हाम्बुर्गच्या प्रेक्षकास वाटत नसे. कथा पुढे नेणारी पठणवजा गायकी, जिला रेसितातिव म्हणतात, ती कळणे अवश्य होते, म्हणून ती जर्मन. आरियामध्ये कथा थांबते आणि भावना बोलते, म्हणून तेथे गाण्याची म्हणून मान्यता पावलेली भाषा चाले. अर्थ एका भाषेने सांगावा आणि भाव दुसरीने, ही विभागणी हँडेलने विसाव्या वर्षी प्रयोगात पाहिली. लंडनमध्ये हाच प्रश्न निराळ्या आणि अधिक बिकट रूपात त्याच्यापुढे उभा राहावयाचा होता.

इटलीतील १७०६ ते १७१० ह्या वर्षांविषयी विस्ताराने लिहिण्याचे येथे प्रयोजन नाही. रोममध्ये पोपच्या आज्ञेने सार्वजनिक संगीतिकांस बंदी होती. त्यामुळे कार्डिनल पाम्फिली, कार्डिनल ओत्तोबोनी, मार्क्विस रुस्पोली अशा आश्रयदात्यांच्या वाड्यांतून हँडेलने एकल कंठासाठी शंभराच्या आसपास इटालियन कांताता रचल्या. १७०७ मध्ये त्याने एका लॅटिन स्तोत्रास 'दीक्सित दोमिनुस' हे भव्य संगीतरूप दिले. हा ल्यूथरपंथी तरुण कॅथलिकांच्या राजधानीत कॅथलिक स्तोत्र बांधतो आणि त्यात कोणास विसंगती दिसत नाही, हेही त्या काळाचेच एक लक्षण. व्हेनिसमध्ये १७०९ च्या डिसेंबरात सादर झालेल्या 'आग्रिप्पिना' ह्या संगीतिकेने त्याची कीर्ती पक्की झाली. मात्र इटालियन भाषेचे जे ध्वनिस्वरूप त्याच्या कानात ह्या चार वर्षांत मुरले, त्याचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. इटालियन शब्द बहुतांशी स्वरान्त असतो आणि त्यातील आघात बहुधा उपान्त्य अक्षरावर पडतो. त्यामुळे तिच्यातील पद्याची ओळ सामान्यतः आघातयुक्त व आघातहीन अशा अक्षरांच्या जोडीवर, म्हणजे उतरत्या पायरीवर, विसावते. इंग्रजीत एकाक्षरी शब्दांचा भरणा मोठा. तिची ओळ पुष्कळदा एका आघातयुक्त, व्यंजनान्त अक्षरावर एकदम थांबते. एका भाषेत मुरलेली सुरावट दुसऱ्या भाषेच्या शब्दांवर बसवू गेल्यास ओळीच्या शेवटी एक सूर अनाथ राहतो, नाहीतर एक अक्षर उपरे होते.

हँडेल १७१० च्या अखेरीस लंडनला आला, त्यापूर्वीच तेथे भाषेचा हा घोळ सुरू झालेला होता. १७०५ पासून लंडनमध्ये इटालियन धर्तीच्या संगीतिका होऊ लागल्या. प्रारंभी त्या इंग्रजी शब्दांत गात. पुढे इटालियन गायक आले, ते आपल्या भाषेत गात आणि इंग्रज गायक इंग्रजीत. १७१० पर्यंत संबंध खेळच इटालियन झाला. ह्या स्थित्यंतराचा इतिहास जोझेफ ॲडिसनने आपल्या 'स्पेक्टेटर' पत्रातील २१ मार्च १७११ च्या अंकात मोठ्या मिस्कीलपणे सांगितला आहे. भाषांतरकारांनी मूळ इटालियन पद्यातील शब्दक्रम न पाळल्यामुळे क्रोधासाठी बांधलेले सूर करुणेच्या शब्दांवर कसे येऊन पडत, आणि एखाद्या क्षुद्र उभयान्वयी अव्ययावर गायक तानांची भेंडोळी कशी उलगडीत, हे तो दाखवितो. पुढे प्रेक्षक अर्धे समजून घेण्याचा कंटाळा करू लागले आणि मुळीच न समजण्याचा सोपा मार्ग त्यांनी पत्करला, असा त्याच्या उपहासाचा रोख आहे. आपले पूर्वज स्वदेशातच परक्यांसारखे बसून न कळणाऱ्या भाषेतील नाटके का ऐकत होते, असा प्रश्न पुढील पिढीच्या इतिहासकारास पडेल, असेही त्याने भविष्य वर्तविले.

ॲडिसनची साक्ष काढताना एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. 'रोझामंड' ही त्याने स्वतः लिहिलेली इंग्रजी संगीतिका १७०७ मध्ये सपशेल आपटली होती. आणि हँडेलची 'रिनाल्दो' २४ फेब्रुवारी १७११ रोजी रंगभूमीवर येऊन तिने लंडन जिंकल्यानंतर अवघ्या चार आठवड्यांत त्याचा हा लेख निघाला. उपहासात मत्सराचा अंश अगदीच नव्हता असे म्हणवत नाही. तथापि शब्द आणि सूर ह्यांच्या विसंवादाविषयीचे त्याचे निरीक्षण अचूक होते, आणि त्याचा प्रत्यय तीस वर्षांनी हँडेलच्याच एका श्रेष्ठ कृतीत यावयाचा होता.

१७१९ मध्ये भागभांडवलावर स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमी ऑफ म्यूझिक ह्या मंडळीसाठी हँडेलने पुढील नऊ वर्षांत 'जूलियो चेझारे', 'तामेर्लानो', 'रोदेलिंदा' ह्यांसारख्या उत्कृष्ट संगीतिका रचल्या. प्रेक्षकांस त्या समजत नव्हत्या असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. नाट्यगृहात संहितेच्या पुस्तिका विकत मिळत. त्यांत एका पृष्ठावर इटालियन आणि समोरच्या पृष्ठावर इंग्रजी मजकूर असे. त्या काळी खेळ चालू असताना प्रेक्षागृहातील दिवे मालवण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे वाचीत वाचीत ऐकणे शक्य होते. तरीसुद्धा लांबलचक इटालियन संवाद ऐकण्याइतका धीर लंडनच्या प्रेक्षकांना नव्हता. म्हणून इटलीतून आणलेल्या जुन्या संहितांतील रेसितातिव निकोला हायम व इतर संहिताकार निर्दयपणे छाटीत. ह्याचा परिणाम दुहेरी झाला. कथानक तुटक व दुर्बोध झाले, हा एक; पण त्याचबरोबर सगळा नाट्यभार आरियांवर येऊन पडला आणि पात्राचा स्वभाव केवळ पदांच्या मालिकेतून उभा करण्याची सक्ती हँडेलवर आली, हा दुसरा. 'जूलियो चेझारे'मधील क्लेओपात्रा आठ आरियांतून टप्प्याटप्प्याने उलगडते. ही सिद्धी प्रेक्षकांच्या भाषिक अज्ञानाने जितकी घडविली तितकीच संगीतकाराच्या प्रतिभेने, असे विधान धाडसाचे वाटले तरी अवास्तव नाही.

आता 'बेगर्स ऑपेरा'विषयी. २९ जानेवारी १७२८ रोजी हा खेळ प्रथम झाला आणि त्या एकाच हंगामात त्याचे बासष्ट प्रयोग झाले. चोर, वेश्या आणि तुरुंगाधिकारी ही त्यातील पात्रे. लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींवर त्यांची पदे रचलेली. 'रिनाल्दो'मधील एका कूचगीताची चालही दरोडेखोरांच्या तोंडी घातलेली आहे. अकॅडमी त्याच वर्षी बंद पडली, म्हणून एकाने दुसरीचा वध केला असा समज रूढ झाला. परंतु अकॅडमीचे भांडवल त्यापूर्वीच संपत आले होते; कुत्सोनी आणि फाउस्तीना ह्या दोन गायिकांच्या पक्षपात्यांनी जून १७२७ मध्ये प्रत्यक्ष राजकन्येच्या समक्ष नाट्यगृहात दंगा घालून तिची शोभा आधीच घालविली होती. आणि मुख्य गोष्ट अशी की, १७२९ ते १७४१ ह्या काळात हँडेलने आणखी सतरा इटालियन संगीतिका रंगभूमीवर आणल्या. 'ओर्लान्दो', 'आरियोदांते', 'आल्चीना' आणि 'सेर्से' ह्या त्यांपैकीच होत. भारतीय वाचकास कुतूहल वाटावे अशी 'पोरो' ही १७३१ सालची संगीतिकाही त्यांतलीच. तिचा नायक म्हणजे अलेक्झांडरशी लढलेला पोरस राजा. मृत म्हणून घोषित केलेल्या कलाप्रकाराने तेरा वर्षांत सतरा अपत्ये प्रसवावी हे नवलच म्हटले पाहिजे. ज्या जॉन गेला हँडेलचा शत्रू ठरविण्यात आले, त्यानेच दहा वर्षांपूर्वी हँडेलच्या 'एसिस अँड गॅलेटीया' ह्या इंग्रजी कृतीची संहिता लिहिण्यात प्रमुख भाग घेतला होता, हेही ह्या कथेच्या प्रचारकांस सोयीस्करपणे विसरावे लागते.

इटालियन संगीतिका पुढे खरोखरच मोडकळीस आली, ती उपहासाने नव्हे तर हिशेबाने. १७३३ मध्ये सरदारांच्या एका गटाने प्रतिस्पर्धी मंडळी काढली. एवढ्याशा प्रेक्षकवर्गावर दोन मंडळ्या पोसणे अशक्य होते. गायकांचे मानधन मात्र चढत गेले. १७३७ मध्ये दोन्ही मंडळ्या थकल्या. त्याच वर्षी अर्धांगाच्या झटक्याने हँडेलचा उजवा हात काही काळ निकामी झाला आणि आखेन येथील उष्णोदकाच्या स्नानांसाठी त्याला जावे लागले.

ऑरेटोरिओचा जन्म ह्या आपत्तीतून झाला, असे म्हणावे तर तोही कालविपर्यास ठरतो. इंग्रजी शब्दांशी हँडेलचा परिचय १७१३ च्या 'यूट्रेक्ट ते देउम'पासूनचा. १७२७ मध्ये तो ब्रिटिश प्रजाजन झाला आणि त्याच वर्षी दुसऱ्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठी त्याने रचलेली इंग्रजी स्तोत्रे आजही गायली जातात. त्या प्रसंगी धर्माधिकाऱ्यांनी स्तोत्रांचे शब्द निवडून पाठविले, तेव्हा आपण बायबल चांगले वाचलेले असून शब्द आपले आपणच निवडू, असे त्याने सुनावल्याचे बर्नी सांगतो. १७३२ मध्ये 'एस्थर' ही कृती रंगभूमीवर आणण्याचा घाट घातला गेला असता लंडनचा बिशप गिब्सन ह्याने पवित्र कथेचा साभिनय प्रयोग करण्यास मनाई केली. तेव्हा नेपथ्य व अभिनय वगळून, केवळ गायनाने ती सादर करण्यात आली. इंग्रजी ऑरेटोरिओ हा नवा प्रकार अशा रीतीने एका निषेधाज्ञेतून आकारास आला. नेपथ्याचा खर्च वाचला. इंग्रज देवळांतील समूहगानाची जुनी परंपरा हाताशी होतीच.

अडचण होती ती गायकांची. 'एस्थर'मधील प्रमुख भूमिका इटालियन गायकांकडेच होत्या, आणि सेनेझिनो प्रभृतींचे इंग्रजी उच्चार ऐकून ही भाषा वेल्श असावी असे वाटले, अशी चेष्टा एका समकालीन पत्रकात आढळते. त्याच वर्षी 'एसिस अँड गॅलेटीया'चा जो नवा पाठ हँडेलने सादर केला त्यात काही भाग इंग्रजी आणि काही इटालियन होता. हाम्बुर्गमधील 'आल्मिरा' येथे जणू पुन्हा अवतरली. फरक इतकाच की तेथे भेसळीमागे एक तत्त्व होते, येथे केवळ निरुपाय. १७३२ पासून १७४१ पर्यंत नऊ वर्षे दोन्ही भाषांतील रचना हँडेल जोडीने करीत होता. ह्यास परिवर्तन म्हणावयाचे असेल तर ते अतिशय संथ आणि बेतशीर परिवर्तन होते.

'मेसाया'ची हकीगत ह्या संदर्भात पाहिली पाहिजे. चार्ल्स जेनेन्सने बायबलातील वचने निवडून सिद्ध केलेल्या संहितेवर हँडेलने २२ ऑगस्ट १७४१ रोजी काम सुरू केले आणि १४ सप्टेंबर रोजी संपविले. चोवीस दिवसांच्या ह्या वेगाभोवती दैवी संचाराच्या अनेक आख्यायिका गुंफल्या गेल्या. परंतु त्यापूर्वी जेमतेम सात आठवडे, जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत, हँडेलने दोन कंठांसाठी दोन इटालियन द्वंद्वगीते लिहिली होती. विषय लौकिक प्रेमाचा. एकात गायक आंधळ्या प्रेमावर आणि निर्दय सौंदर्यावर आपण मुळीच विश्वास ठेवणार नाही असे बजावतात. ह्या दोन गीतांतील सुरावटी 'मेसाया'तील चार समूहगानांत जशाच्या तशा उतरल्या आहेत. त्यांपैकी बाळाच्या जन्माची वार्ता सांगणारे समूहगान सर्वांत प्रसिद्ध आहे. मूळ इटालियन गीताचा पहिला शब्द 'नो' हा आहे: एकाक्षरी, पूर्ण अर्थाचा, ठासून उच्चारावयाचा नकार. त्यावर हँडेलने साहजिकच जोर दिला. त्याच जागी इंग्रजी पाठात 'फॉर' हा शब्द आला. तो केवळ मागच्या वाक्याशी सांधा जोडणारा, आपल्या 'कारण' ह्या शब्दासारखा. बोलण्यात त्यावर आघात पडत नाही. इंग्रजी वाक्य असे काही उच्चारले जाते की जणू 'कारण' हीच मोठी वार्ता आहे आणि बाळ त्यामागून येते. ॲडिसनने तीस वर्षांपूर्वी ज्या दोषावर बोट ठेवले होते तो हाच.

परकीयाची इंग्रजी म्हणून ह्याची बोळवण करण्याची प्रथा आहे; ती अपुरी आहे. येथे दोष उच्चाराच्या अज्ञानाचा नाही. आघात कोठे पडतो हे हँडेलला ठाऊक नव्हते असे मानावे, तर त्याच कृतीच्या प्रारंभी सांत्वनाचा जो उद्गार तो कंठाच्या तोंडी घालतो, त्यातील दोन अक्षरांच्या इंग्रजी शब्दाचा चढा आरंभ आणि ओसरता शेवट इतक्या नेमकेपणाने उतरलाच नसता. ते पद नव्याने, इंग्रजी शब्द समोर ठेवूनच रचलेले आहे. समूहगानात त्याने जाणूनबुजून सुरावटीचे हित शब्दाच्या हिताच्या वर ठेवले. खऱ्या अज्ञानाचे, किंवा अधिक बरोबर बोलावयाचे तर परभाषेच्या संस्काराचे, उदाहरण कृतीच्या तिसऱ्या भागात तुतारीच्या आरियात सापडते. तेथे 'इन्करप्टिबल' ह्या शब्दाचा आघात हँडेलने '-प्टि-' ह्या अक्षरावर दिला आहे. इंग्रजीत तो आधीच्या '-रप्-' वर पडतो. पुढील संपादकांना ही जागा दुरुस्त करावी लागली. परंतु त्या शब्दाचे इटालियन रूप 'इन्कोर्रुत्तीबिले' उच्चारून पाहावे. आघात नेमका हँडेलने दिला तेथेच पडतो. लॅटिन आणि जर्मन रूपांतही तसेच. लॅटिनोद्भव दीर्घ शब्द समोर येताच त्याच्या कानात इंग्रजी मागे पडे आणि अन्य तीन भाषांचे बहुमत होई.

संहिता गद्यात होती, ह्याचाही विचार झाला पाहिजे. बायबलच्या इंग्रजी भाषांतरातील गद्य हिब्रू मूळाच्या समांतर रचनेस अनुसरून लहान लहान, जोडीने येणाऱ्या वाक्यखंडांत चालते. ह्याच सुमारास, १७४१ पासून, रॉबर्ट लोथ ऑक्सफर्डमध्ये हिब्रू काव्याच्या ह्या समांतरतेचे विवेचन आपल्या लॅटिन व्याख्यानांतून करू लागला होता; पुढे १७६२ मध्ये प्रसिद्ध इंग्रजी व्याकरण लिहिणारा लोथ तो हाच. असे गद्य संगीतकाराला छंदाच्या बेडीतून मोकळे करते: खंड लहान, अर्थ स्वयंपूर्ण, आवर्तनास अनुकूल. 'मेसाया'च्या यशाचे श्रेय जेनेन्सला पुरेसे दिले गेले नाही. त्याने मात्र हँडेलने घाई करून आपल्या संकलनाचे चीज केले नाही अशी तक्रार चालविली, हा भाग वेगळा.

१३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमधील फिशॅम्बल स्ट्रीटवरील संगीतगृहात पहिला प्रयोग झाला. सुमारे सातशे श्रोते मावावेत म्हणून स्त्रियांनी फुगीर घागऱ्यांचे वेढे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावे, अशी विनंती आधी प्रसिद्ध करण्यात आली होती. मिळालेल्या सुमारे चारशे पौंडांचे वाटे दोन रुग्णालये आणि कर्जापायी तुरुंगात पडलेले कैदी ह्यांच्यात झाले. एकशे बेचाळीस कैदी सुटले. लंडनमध्ये मात्र पुढच्या वर्षी ही कृती थंडपणे स्वीकारली गेली. पवित्र वचने नाट्यगृहात नटनट्यांनी गावीत ह्यावर धार्मिकांचा आक्षेप होता. १७५० पासून अनाथ बालकांच्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या प्रार्थनामंदिरात तिचे प्रयोग होऊ लागले, तेव्हा तो आक्षेप निवळला.

उत्तरकालातील संहिताकार टॉमस मोरेल ह्याने पुढे एका पत्रात सांगितलेली हकीगत भाषाभ्यासकास विशेष मोलाची आहे. 'अलेक्झांडर बॅलस' ह्या ऑरेटोरिओच्या वेळी हँडेल त्याच्या आयँबिक वृत्तावर संतापून तुटून पडला. मोरेलने शांतपणे सांगितले, रागावू नये, ह्यांचे ट्रोकी सहज करता येतील. ट्रोकी म्हणजे काय, असे हँडेलने विचारले. आयँबिकच्या उलट, प्रत्येक ओळीतले एक अक्षर गाळले की झाले, असे म्हणून मोरेलने एक ओळ बदलून दाखविली, आणि आपल्याला हेच हवे होते, असे हँडेल उद्गारला. मराठी वाचकास लघु-गुरू आणि गुरू-लघु ह्या क्रमांची उपमा देता येईल, मात्र इंग्रजीत प्रश्न मात्रांचा नसून आघातांचा आहे. शेकडो पदे रचलेल्या माणसाला हा पारिभाषिक शब्द माहीत नव्हता, परंतु आपल्याला काय हवे ते त्याच्या कानाला पक्के ठाऊक होते. आयँबिक ओळ आघातहीन अक्षराने उघडते. तिच्यासाठी ताल सुरू होण्यापूर्वी एक उसना सूर लागतो. ट्रोकीची ओळ थेट सशक्त तालावर उतरते. इटालियन द्वंद्वगीतातील 'नो' असाच तालावर उतरला होता.

हँडेलच्या पत्रव्यवहारात भाषांची वाटणी शेवटपर्यंत जुन्या जर्मन समाजासारखीच राहिली. हालेमधील मेहुण्यास तो फ्रेंचमध्ये लिही. टेलेमान ह्या जर्मन संगीतकार मित्रासही फ्रेंचमध्येच. जेनेन्सला इंग्रजीत. स्वरलेखनातील सूचना इटालियन. जर्मन भाषा दिसते ती हस्तलिखितांच्या समासांत, जेथे वाचणारा तो स्वतःच असे. १७५१ मध्ये 'जेफ्था' ह्या ऑरेटोरिओच्या दुसऱ्या अंकाचे अंतिम समूहगान लिहीत असताना त्याच्या डाव्या डोळ्याची दृष्टी क्षीण झाली. ईश्वराचे आदेश किती अंधारलेले आहेत, ह्या आशयाचे ते समूहगान. १३ फेब्रुवारी रोजी त्याने लेखणी थांबविली आणि येथवर आल्यावर डाव्या डोळ्यामुळे थांबावे लागले, अशी नोंद पृष्ठाच्या तळाशी केली. दहा दिवसांनी, आपल्या सहासष्टाव्या वाढदिवशी, थोडे बरे असल्याची दुसरी नोंद केली. चाळीस वर्षे इंग्लंडमध्ये राहिलेल्या, चोवीस वर्षे ब्रिटिश प्रजाजन असलेल्या माणसाच्या ह्या दोन्ही नोंदी जर्मन भाषेत आहेत. त्याच समूहगानाच्या शेवटी मोरेलने योजलेले इंग्रजी शब्द खोडून पोपच्या एका सुप्रसिद्ध काव्यातील वचन त्याने तेथे घातले. व्यथा जर्मनमध्ये नोंदविणारा हा संगीतकार इंग्रजी संहितेतील शब्दाची निवड मात्र इंग्रज कवीच्या आधारे करीत होता.

ती कृती ऑगस्टअखेर पूर्ण झाली. त्यानंतर नवे असे फारसे काही त्याच्या हातून झाले नाही. लवकरच त्याची दृष्टी पूर्णपणे गेली. ६ एप्रिल १७५९ रोजी तो 'मेसाया'च्या प्रयोगास उपस्थित होता. १४ एप्रिल रोजी ब्रुक स्ट्रीटवरील घरी त्याचे निधन झाले. मृत्युपत्र इंग्रजीत होते, आणि हालेकडील आप्तांचे वाटे त्यात काळजीपूर्वक लिहिलेले होते. 'मेसाया'च्या स्वरलेखनाची एक शुद्ध प्रत व गायक-वादकांची पाने त्याने फाउंडलिंग हॉस्पिटलला दिली. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये रुबियाकने घडविलेल्या त्याच्या पुतळ्याच्या हाताशी 'मेसाया'तील एका आरियाचे पान उघडे आहे. खालच्या शिलालेखात त्याचे मधले नाव इंग्रजी वळणाने 'फ्रेडरिक' असे कोरलेले आहे. तो स्वतः इंग्लंडमध्ये 'फ्रिडरिक' अशी सही करीत असे. जन्मवर्षही तेथे १६८४ दिले आहे. वर्षाचा आरंभ २५ मार्चपासून धरण्याच्या जुन्या इंग्रजी रीतीने केलेला तो हिशेब आहे. हालेमध्ये त्या दिवशी १६८५ साल चालू होते.